सांगाडा कुणाचा, गिअर कुणाचे

मार्च २०२५ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्टशी २४.८ कोटी डॉलरचा करार केला. टी-७२ रणगाड्यांची ७८० अश्वशक्तीची इंजिनं काढायची आणि तिथे १००० अश्वशक्तीची बसवायची, असा तो करार. त्याच्या सहा महिने आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, याच टी-७२ ची जागा पुढे घेणाऱ्या नव्या रणगाड्याच्या खरेदीलाही तत्त्वतः मंजुरी मिळाली होती. जुन्याला नवं इंजिन आणि त्याच वेळी नव्याचीही तयारी. लष्कराला हे दोन्ही एकदम करता येतं. ज्याच्या हातात एकच पगार आहे आणि ज्याला पन्नास-साठ सेंटिमीटर लांबीचा, रिमोटवर चालणारा रणगाडा हवा आहे, त्याला मात्र निवड करावी लागते. स्वस्तातला घेऊन त्याचे भाग बदलत जायचं, की पैसे साठवून एकदाच उत्तम संच घ्यायचा?

सोलापुरात हा वाद मी एका घरात ऐकत आलो आहे. एका बाजूला मामा. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत जॉबर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: माग जोडून देणारा, त्याचा ताल बसवणारा आणि बिघडला की रात्री-अपरात्री उघडून बसणारा माणूस म्हणजे जॉबर. चादरी आणि टॉवेलांचं हे शहर त्याच्या पान्यावर चालतं. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची. मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनच्या कामाला. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी न चुकता घरी येते. दोघांनाही एकास सोळा मापाच्या रणगाड्यांचं वेड आहे. मामांकडे चिनी बनावटीचा एक टायगर आहे, भाग बदलून बदलून आता मूळचा फार थोडा उरलेला. भाचीने अजून काही घेतलेलं नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीचा पूर्ण संच घ्यायचा म्हणून ती पैसे बाजूला टाकते आहे. त्यांचं बोलणं इथे देतो आहे. जिथे मला राहवलं नाही, तिथे मध्ये माझं मत घातलं आहे.

भाची: मामा, या टायगरवर आजवर एकूण किती गेले? हिशोब ठेवलाय का?

मामा: कशाला ठेवू? एकदम थोडेच दिलेत. कधी पट्टे घेतले, दिवाळीला गिअरबॉक्स, पुढं बोर्ड. जमेल तसं घेतलं. तुझ्यासारखा वाट बघत बसलो असतो तर अजून एकदासुद्धा चालवला नसता.

भाची: मला तेच खटकतं. थोडे थोडे दिले की जड जात नाही, म्हणून किती दिले हेच कळत नाही. साधा संच, मग धातूचे पट्टे, मग पोलादी गिअरबॉक्स, स्प्रॉकेटं, बेअरिंगं, नवा बोर्ड, नवी बॅटरी. प्रत्येक वेळी कुरिअरचे पैसे वेगळे. टामियाचा पूर्ण संच साध्या चिनी संचाच्या चार-पाच पट महाग पडतो हे खरं, पण तुमची बेरीज केली तर तुम्ही त्या वाटेवर बरेच पुढे गेला असाल. आणि हातात काय आहे? नवे भाग लावलेला स्वस्त रणगाडा.

मामा: हातात हा डबा आहे की. बघ. हे झिजलेलं स्प्रॉकेट, हे दात उडालेलं नायलॉनचं गिअर, हा वाकलेला आस. यातला कुठला भाग का गेला ते मला विचार. तुझा तो महागडा संच तू जोडशील, चालवशील, पण आत काय ताण बसतोय ते तुला कळणार कधी?

भाची: मोडल्यावरच कळतं असं थोडंच आहे? आम्ही कारखान्यात भाग बनवण्याआधी ताण मोजतो.

मामा: मोज की. पण मी सांगतो ते आधी ऐक. पहिल्यांदा मी पट्टे बदलले. सगळे तेच करतात. धातूचे पट्टे दिसायला चांगले, फरशीवर चालले की खडखड आवाज येतो, खऱ्यासारखा. पण वजन वाढलं. पट्टे ओढणारं चाक, स्प्रॉकेट, ते राहिलं प्लास्टिकचंच. धातूच्या कड्यांनी त्याचे दात खाल्ले. मग स्प्रॉकेट धातूचं लावलं. आता दात तुटायचे बंद झाले, तर जोर गेला गिअरबॉक्सवर. आतली नायलॉनची गिअर सोलून निघाली. मग पोलादी गिअरबॉक्स. तो बसवला तर मोटारी जास्त करंट खायला लागल्या, बोर्ड तापायला लागला. तो बदलला. आणि शेवटी काय दिसलं? गिअरबॉक्स ज्या प्लास्टिकच्या तळावर स्क्रूनं बसलाय, तो तळच वळताना पिळतोय. तळ पिळला की आस तिरका होतो, आणि चांगली पोलादी गिअरसुद्धा कुरकुरतात.

भाची: म्हणजे एक भाग मजबूत केला की कमजोरी पुढच्या भागावर सरकते.

मामा: हां! मागावर हेच असतं. वेग वाढवायचा म्हणून मोठी मोटार लावतात, आणि मग धोटा पेटीच्या बाहेर उडतो. कारण धोट्याला मारणारी काठी, त्याला थांबवणारी पेटी, सगळं जुन्या वेगाचं. २०१७ साली केंद्राची पॉवरटेक्स योजना आली, साध्या मागांना नवे जोड बसवायची. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबणारा, ताण्याचा तुटला की थांबणारा. चांगली योजना. पण ज्या मागाची चौकटच ढिली, त्याला असले जोड बसवून उपयोग नाही. चौकट जाग्यावर असेल तरच बसवायचे. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी सरळ नवे रेपियर माग आणले.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण मामांनी सहज सांगितलेल्या या साखळीत सगळ्या वादाचं मूळ आहे. स्वस्त रणगाडा सुधारणाऱ्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं ते आधी बदललं जातं: पट्टे, धूर सोडणारं यंत्र, आवाज, दिवे. जे दिसत नाही, म्हणजे खालचा सांगाडा, गिअरबॉक्सची बैठक, आसांची बेअरिंगं, ते शेवटी. पैसा आधी सांगाड्यात घालावा. त्यानंतर गिअरबॉक्स, मग स्प्रॉकेट आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचं आयडलर चाक, आणि पट्टे सगळ्यांत शेवटी. हा क्रम पाळला तर मधले निम्मे भाग वाया जात नाहीत. महागड्या संचात आपण पैसे देतो ते मुख्यतः याचेच. हा क्रम दुसऱ्या कुणीतरी आधीच नीट लावून दिलेला असतो.

भाची: मग तुम्ही माझंच म्हणणं मान्य करताय. टामियामध्ये तळ, आसांच्या जागा, गिअरबॉक्सची बैठक हे सगळं एकाच वेळी, एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. वरून लावलेल्या भागांना तो मेळ येत नाही.

मामा: मेळ असतो, मान्य. पण तुझ्या त्या संचांतसुद्धा बऱ्याच मॉडेलचे पट्टे प्लास्टिकचेच येतात ना? धातूचे पाहिजे असले तर वेगळे घ्यायचे. म्हणजे तूही माझ्यासारखीच पट्टे बदलणार!

भाची: बदलेन. पण तळ बदलावा लागणार नाही.

मामा: तळही बदलता येतो. टायगेनसारख्या कंपन्या काही मॉडेलांचा धातूचा खालचा सांगाडा सुटा विकतात. मी आधी तो घेतला असता, तर या डब्यातला निम्मा माल जमलाच नसता.

भाची: आणि हेंग लाँग वगैरे कंपन्या तोच रणगाडा दोन-तीन प्रकारांत विकतात. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा साधा, पोलादी गिअरचा मधला, आणि धातूच्या पट्ट्यांचा वरचा. सुटे भाग घेत बसण्यापेक्षा एकदम वरचा प्रकार घेतला तर स्वस्तात पडतो. नवशिक्याला मी तरी हेच सांगेन.

मामा: नवशिक्याला मीही तेच सांगेन. फक्त त्याला उघडायला शिकव.

भाची: उघडण्यावरून आठवलं. लोकांना वाटतं महागडा संच म्हणजे तयार वस्तू, डब्यातून काढली आणि चालवली. उलट आहे. तुमचा टायगर तयार आला होता. टामियाचा पूर्ण संच सुट्या भागांत येतो. गिअरबॉक्स स्वतः जोडायचा, आस बसवायचे, चाकं एकेक करून लावायची, वायरिंग करायचं, रंग स्वतः द्यायचा. पुस्तिकेत एकेक पायरी चित्रासह. मोटारींचं नियंत्रण करणारं युनिट, आवाजाचं युनिट, तोफ उडाली की नळी मागे सरकते आणि अख्खा रणगाडा झटका खातो ती यंत्रणा, सगळं आपण हाताने बसवतो. तुम्ही मोडलेलं उघडून शिकलात. मी जोडताना शिकेन.

मामा: हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, पैसेवाल्यांचं तयार खेळणं.

भाची: टामियाचं मूळच असं हाताने जोडायच्या वस्तूंत आहे. १९४६ मध्ये ती लाकूड कापायची गिरणी म्हणून सुरू झाली. पुढे लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिकची. एकास पस्तीस हे माप आज जगभर रणगाड्यांच्या मॉडेलांत रूढ आहे, ते कुठून आलं माहिती आहे? त्यांना मोटारीवर चालणारा पँथर बनवायचा होता. आत सेल आणि मोटार मावली पाहिजे, म्हणून सांगाडा तेवढा मोठा धरला, आणि मग मोजल्यावर ते माप एकास पस्तीस निघालं. आधी सेल, मग माप!

मामा: हे आवडलं मला. असा विचार करणारा माणूस जॉबर झाला असता तर नाव काढलं असतं.

भाचीने मग वजनाचा मुद्दा काढला. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कुठलाही संच घ्या, जाहिरातीत तो सांगितलेला नसतो.

भाची: खरा टी-७२ साधारण ४१ ते ४५ टनांचा. एकास सोळा म्हणजे लांबी सोळा पट कमी, पण वजन घनफळाप्रमाणे कमी होतं. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, ४०९६. म्हणजे मापाला खरं उतरायचं तर छोट्या टी-७२ चं वजन दहा-अकरा किलो पाहिजे. टायगर ५७ टनांचा, म्हणून तो जवळजवळ चौदा किलोचा हवा. साधा प्लास्टिकचा संच चार किलोच्या आतबाहेर असतो. म्हणून तो दगडावरून जाताना उड्या मारतो. जड रणगाडा उडत नाही, तो खाली बसत जातो. तुमच्या धातूच्या पट्ट्यांनी नुसता आवाज आला नाही, थोडं वजनही आलं, आणि म्हणून चालताना तो आता खरा दिसतो.

मामा: आणि म्हणूनच तळ पिळला.

भाची: बरोबर. दहा किलोंचा रणगाडा चालवायचा तर तळ त्या हिशोबाने पाहिजे. वेगाचंही तसंच. टी-७२ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने पळतो. सोळाने भागलं की चार किलोमीटरच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीने. पोरं हे रणगाडे गाडीसारखे पळवतात आणि मग गिअर गेलं म्हणून रडतात. जास्त दात असलेला, सावकाश चालणारा गिअरबॉक्स लावला तर मोटारीला दम मिळतो आणि बॅटरीही टिकते.

मामा: सावकाश चालणारा लावलाय मी. आणि एक सांगतो, तुझ्या पुण्यात हे कुणी सांगणार नाही. मी शेडमध्ये चालवायचो. तिथं जमिनीवर सुताचे तुकडे असतात. ते आसाभोवती गुंडाळतात, असे घट्ट, की चाक जाम होतं. बाहेरून दिसतसुद्धा नाही. चाक काढून चिमट्यानं सूत ओढून काढायचं. स्वस्त असो, महाग असो, सोलापुरात हे काम चुकत नाही. आणि काळ्या मातीत पावसात घालू नकोस. ती मातीच पट्ट्यांच्या कड्यांत भरून बसते, वाळली की सिमेंट होते. मुरमावर चालव.

बॅटरीबद्दल दोघांचं एकमत होतं, त्यामुळे ते बोलणं लवकर आटपलं. जुन्या ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीऐवजी ७.४ व्होल्टची लिथियम लावली की जोर टिकून राहतो. पण दोन सेलांतला एकेक सेल ४.२ व्होल्टच्या वर चढू द्यायचा नाही आणि ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ती ठेवायची नाही. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

खरा कडाक्याचा वाद झाला तो पैशांवर, आणि त्यात सरकारचं धोरण आलं.

मामा: आता तुझ्या जपानी संचाचा हिशोब मांड. बाहेरून खेळणं आणायचं तर सीमाशुल्क किती?

भाची: २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी.

मामा: म्हणजे दहा हजारांच्या वस्तूवर सात हजार नुसतं मूळ शुल्क.

भाची: हो. पण चिनी तरी कुठे सुटतो? तुमच्या टायगरलाही तोच दर लागेल. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. बाजारात पूर्वी सहज दिसणारा चिनी माल त्यामुळे कमी झाला.

मामा: टायगर एकदाच आला. पुढं आले ते सुटे भाग. आणि २०२३ च्या त्या वाढीतून इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग वगळले होते, हे तूच मला वाचून दाखवलंस. म्हणजे अख्खं आणण्यापेक्षा तुकड्यानं आणलेलं परवडतं. शिवाय निम्मे भाग मला आणावेच लागत नाहीत. बुश मोडला तर एमआयडीसीत लेथवाल्याकडे पितळेचा टर्निंग करून घेतो. बेअरिंग तर बेअरिंगच्या दुकानात मिळतं. मापाचं पाहिजे, कुठल्या देशाचं त्याला काय? तुझ्या संचातला एखादा खास भाग मोडला, तर जपानहून येईपर्यंत रणगाडा कपाटात. सोलापुरात काउंटरवर असला भाग ठेवणारं दुकान मी तरी पाहिलं नाही.

भाची: हे मला मान्य करावं लागेल. दुरुस्तीची सोय गावात असणं ही मोठी गोष्ट आहे. पण मामा, ती सोय तुमच्यासाठी आहे. तुम्ही लेथवाल्याला तोंडी माप सांगता आणि तो बरोबर करून देतो, कारण तुमची तेवढी ओळख आणि तुमचा हात तेवढा तयार. माझ्या ऑफिसातल्या एखाद्या मुलाने स्वस्त संच घेतला तर तो पहिल्या मोडतोडीलाच टाकून देईल. त्याला एकदाच नीट वस्तू मिळाली तर छंद टिकेल. आणि वेळ? मला रविवार मिळतो. तोही मिळाला तर.

भाचीचा हा मुद्दा मला पटतो, आणि तरी माझं झुकतं माप मामांकडे जातं. पुण्या-मुंबईत महागडा संच घेणाऱ्याला दुरुस्ती जमली नाही तर तो दुसरा मागवतो. सोलापुरासारख्या गावाची ताकद वेगळी आहे. इथे पत्रा कापणारा, टर्निंग करणारा, मोटार गुंडाळणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. ही ताकद यंत्रमागांनी शहराला दिली. एखादा पोरगा स्वस्त रणगाडा घेऊन या माणसांपर्यंत पोचला, त्यांच्याकडून बुश आणि बेअरिंग यांतला फरक शिकला, तर त्याला मिळालेलं शिक्षण कुठल्याही संचाच्या पुस्तिकेत नाही. अट एकच, त्याने सुरुवात पट्ट्यांपासून करू नये.

पण मग प्रश्न उरतो, रणगाडा कुठला? मला वाटतं, मराठी माणसाने या छंदात हा प्रश्न आधी विचारायला हवा. कंपन्यांच्या यादीत जर्मन टायगर आणि पँथर भरपूर. आपल्या सैन्याने चालवलेले रणगाडे शोधावे लागतात.

भाची: म्हणूनच मला सेंच्युरियन हवा आहे. टामियाने एकास पंचवीस मापात रिमोटवर चालणारा सेंच्युरियन काढलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपाल यांच्याकडे सेंच्युरियनच होता. नाव फॅमागुस्टा. तो रणगाडा आज नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. १९६५ मध्ये याच पूना हॉर्सचे तारापोर सेंच्युरियनमधूनच लढले. दोघांनाही परमवीर चक्र. पुण्याचं नाव घेऊन लढलेल्या रेजिमेंटचा रणगाडा घरात असावा, तो नीट असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मामा: यावर मी काही बोलणार नाही. खेत्रपालांचा रणगाडा करायचा असेल तर चांगलाच कर. त्यात कंजुषी नको.

भाची: आणि शर्मन. १९६५ ला असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स शर्मनवर होती, समोर पॅटन. टामियाचा शर्मन एकास सोळात मिळतो.

मामा: कुठल्या तोफेचा?

भाची: १०५ मिलिमीटरच्या आखूड तोफेचा.

मामा: आणि डेक्कन हॉर्सच्या शर्मनला?

भाची: ७६ मिलिमीटरची. लांब.

मामा: मग तुलाही नळी बदलावी लागणार की! एवढे पैसे देऊन.

भाची: हो, बदलावी लागेल. टरेटमध्येही फरक असेल. तेवढं काम करेन मी.

मामा: टी-७२ आणि टी-९० मात्र टामियाच्या एकास सोळाच्या यादीत नाहीत. हेंग लाँगकडे दोन्ही आहेत. आपल्या सैन्यातले अजेय आणि भीष्म. आज आपली पोरं ज्यात बसतात ते रणगाडे हवे असतील, तर स्वस्तातल्याकडेच जावं लागतं, आणि मग सुधारणा आपोआप आल्या. आपले अजेय वेगळे दिसतात. रंग वेगळा, वर लावलेली स्फोटक कवचाची चौकोनं वेगळी. ते सगळं आपणच करायचं. आणि विजयंता? तो तर ना टामियाकडे, ना हेंग लाँगकडे. १९६५ पासून चेन्नईजवळच्या आवडीत बनला. व्हिकर्सचं डिझाइन, पण आपल्या देशात तयार झालेला पहिला मुख्य रणगाडा. तो पाहिजे असेल तर सगळं हातानं.

भाची: टी-७२ च्या तळावर विजयंताचा वरचा भाग बसवायचा विचार आहे का तुमचा?

मामा: होता. पण चाकं वेगळी दिसतात. लोकांना कळलं नाही तरी मला कळणार.

भाची: मग आधी टी-७२ च करा, टी-७२ म्हणून. विजयंतासाठी मी चाकं काढून देईन, छपाईवाल्याकडून करून घेऊ. नगरला जाऊ, करमाळ्याच्या वाटेने. संग्रहालयात विजयंता उभा आहे. चाकांची, टरेटची मापं घ्यायला परवानगी मिळाली तर घेऊ, नाहीतर चारी बाजूंनी बघून तरी येऊ.

नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, हे रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. मॉडेल करणाऱ्या मराठी माणसाला इतकी मोठी सोय देशात दुसरीकडे सहज मिळणार नाही. सेंच्युरियन, पॅटन, विजयंता, शर्मन असे रणगाडे उघड्यावर रांगेने उभे. फोटोवरून केलेल्या मॉडेलात जी चूक राहते, ती प्रत्यक्ष रणगाड्याशेजारी उभं राहिलं की लगेच ध्यानात येते: आपण सगळे पट्ट्यांची सैल झोळ कमी दाखवतो आणि मागच्या भागाची उंची चुकवतो. सोलापूरच्या कुठल्याही शाळेने सहल काढावी अशी ही जागा आहे, आणि ती इतकी जवळ असूनही पुष्कळांनी पाहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

दोघांनी शेवटी एक गोष्ट मात्र ठरवली. भाचीचे साठवलेले पैसे सेंच्युरियनसाठी तसेच ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. मामांच्या पुढच्या रणगाड्यासाठी हेंग लाँगचा टी-७२ घ्यायचा, पोलादी गिअरचा मधला प्रकार. तो आला की एक मीटरसुद्धा न चालवता उघडायचा. प्लास्टिकच्या तळाच्या आत ॲल्युमिनियमची एक पट्टी, गिअरबॉक्सच्या बैठकीपासून पुढच्या आयडलरपर्यंत, अख्ख्या लांबीची. ड्रॉइंग भाची पुण्याहून पाठवणार, पट्टी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कापून घ्यायची. पट्टे त्यानंतर.

मामा: पट्टी किती जाडीची धरतेस?

भाची: दोन मिलिमीटर पुरेल. तीनची घेतली तर टोकांनाही वजन वाढेल.

मामा: वजन पाहिजेच आहे की आपल्याला. दहा किलो म्हणालीस ना? तीनची घे.

भाची: वजन पाहिजे, पण मध्यभागी. दोनची घ्या, आणि उरलेलं वजन शिशाचे तुकडे टाकून टरेटच्या खाली भरू.

मामा: दोन्ही कापून आणतो. बसवून बघू.